रोगाला पुरून उरणारी कालवं: पैदास शिकायला निघालेल्यांसाठी

कालवाला (ऑयस्टरला) लस टोचता येत नाही. सुई लावायला जागा नाही हा प्रश्न नाही, त्याच्या शरीरात अँटीबॉडी तयारच होत नाहीत. त्याच्याकडे असतात त्या रक्तपेशी आणि जन्मजात संरक्षणाची काही हत्यारं. औषधाचंही तसंच. ते उघड्या खाडीत वाढतं, तिथे औषध कुठे आणि किती ओतणार? मग शेतकऱ्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: जागा किंवा हंगाम बदलायचा, नाहीतर बी, म्हणजे लावणीची लहान कालवं, बदलायचं. हा लेख बी बदलण्याबद्दल आहे.

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन परदेशातल्या एखाद्या हॅचरीत, म्हणजे बी तयार करणाऱ्या केंद्रात, रुजू होणाऱ्यांनी, किंवा इथेच राहून या विषयात शिरू पाहणाऱ्यांनी तो वाचावा असा हेतू आहे. मेंडेलचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची, डेलावेअर आणि चेसापीक या दोन उपसागरांतली आहेत, कारण रोगासाठी कालवांची निवड करण्याचा सर्वात लांबलचक अनुभव तिथे आहे. तिथलं कालव म्हणजे क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या पायऱ्या का तशा आहेत ते कळेल. या धंद्यात निवड रोग करतो. पैदासकाराचं काम कोण कुणाचं पोर आहे आणि कोण कधी मेलं याचा हिशेब चोख ठेवण्याचं. डीएनएतल्या हजारो खुणा एकदम तपासणारी महागडी डीएनए चिप घेऊनही हा हिशेब कच्चा असेल, तर हाती काहीच लागत नाही.

पायरी १: शत्रूचं नाव पक्कं करा

"रोगप्रतिकारक कालव" असं काही नसतं. अमुक रोगाला, अमुक पाण्यात टिकणारं कालव असतं.

१९५७ साली डेलावेअर उपसागरात कालवं धडाधड मरायला लागली. दोन-तीन वर्षांत खालच्या, खाऱ्या भागातल्या लावणीच्या पट्ट्यांवरची ९० ते ९५ टक्के कालवं संपली. १९५९ मध्ये तोच प्रकार चेसापीकच्या तोंडाशी सुरू झाला. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकं असलेला एक अनोळखी गोळा दिसत होता, म्हणून रोगाला नाव पडलं एमएसएक्स (मल्टिन्यूक्लिएटेड स्फिअर, आणि एक्स म्हणजे अनोळखी). परजीवीचं शास्त्रीय नाव हॅप्लोस्पोरिडियम नेल्सोनाय. तो मूळचा आशियातल्या पॅसिफिक कालवातला, हे २००० साली डीएनए जुळवून दाखवलं गेलं.

रटगर्स विद्यापीठातल्या हॅरॉल्ड हॅस्किन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वाचलेली कालवं उचलून त्यांची पैदास सुरू केली. पिढ्यांमागून पिढ्या त्यांच्या वाणांतली मरतूक घटत गेली. काम फत्ते झालं असं वाटण्याजोगी परिस्थिती होती. मग १९९० मध्ये डेलावेअरमध्ये दुसऱ्याच रोगाची साथ आली. पर्किन्सस मरायनस या परजीवीचा, सगळे ज्याला 'डर्मो' म्हणतात तो रोग. एमएसएक्सला तोंड देणारी कालवं डर्मोने मरू लागली. निवड पुन्हा नव्याने मांडावी लागली, या वेळी दोन्ही रोगांसाठी.

हे दोन रोग वागायला एकमेकांपासून फार वेगळे आहेत, आणि तुमची सगळी आखणी त्या फरकावर अवलंबून राहते. डर्मो एका कालवातून थेट दुसऱ्यात जातो. तो प्रयोगशाळेत वाढवता येतो, त्यामुळे टाकीत मोजून मापून लागण करता येते. कमी क्षारतेतही तो तग धरतो, फक्त जोर कमी पडतो. एमएसएक्स मात्र १० पीपीटी (हजार भाग पाण्यात १० भाग मीठ) क्षारतेच्या खाली फार काळ टिकत नाही, आणि एका कालवातून दुसऱ्यात थेट लावून दाखवणं कुणाला जमलेलं नाही. मध्ये बहुधा आणखी एखादा प्राणी असावा, तो अजून सापडलेला नाही. याचा व्यवहारी अर्थ असा की एमएसएक्ससाठी टाकीत परीक्षा घेताच येत नाही. बी खाडीत नेऊन सोडायचं आणि वाट पाहायची.

तिसरा प्रकार विषाणूचा. ऑस्टरीड हर्पिसव्हायरस-१ या विषाणूचा 'मायक्रोव्हार' हा प्रकार २००८ मध्ये फ्रान्समध्ये पॅसिफिक कालवांवर तुटून पडला. पाणी १६ अंशांच्या वर गेलं की वर्षाच्या आतलं बी काही दिवसांत साफ व्हायचं. २०१० च्या नोव्हेंबरात तो सिडनीजवळच्या जॉर्जेस नदीत पोहोचला, २०१६ च्या सुरुवातीला टास्मानियात. इथे परीक्षा आठवड्या-दोन आठवड्यांत आटोपते. डर्मोची मात्र दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत लांबते. तुमच्या पगाराचा प्रकल्प दोन वर्षांचा असेल तर हा फरक नीट ध्यानात घ्या.

पायरी २: 'टिकणं' म्हणजे नक्की काय, ते ठरवा

रोगकारकाला शरीरात वाढू न देणं ही एक तऱ्हा, त्याला अंगावर वागवत जगणं ही दुसरी. एमएसएक्सच्या निवडक वाणांत परजीवी कल्ल्यांच्या आवरणापुरता अडकून राहतो, सगळ्या शरीरात पसरत नाही. ही पहिली तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेचं कालव जगतं, पण शेजाऱ्यांना रोग वाटत राहतं. शेतकऱ्याला दोन्ही चालतात, त्याला पिशवीत जिवंत कालव हवं असतं. आजूबाजूला जंगली कालवांचे खडक असतील तर मात्र दुसरी तऱ्हा महागात पडू शकते. म्हणून जगलेली किती हे मोजताना जगलेल्यांच्या अंगात रोगकारक किती, हेही थोड्या नमुन्यांत मोजा.

डर्मोसाठी ही मोजणी जुनी आणि स्वस्त आहे. कालवाच्या कल्ल्याचा किंवा आवरणाचा तुकडा थायोग्लायकोलेटच्या द्रवात प्रतिजैविकं घालून आठवडाभर अंधारात ठेवायचा, मग त्यावर लुगोलचं आयोडिन टाकायचं. परजीवीच्या फुगलेल्या पेशी निळ्या-काळ्या गोल ठिपक्यांसारख्या उठून दिसतात. त्यांच्या दाटीवरून ० ते ५ असे गुण द्यायचे. पद्धत १९५२ ची आहे. पीसीआर आलं म्हणून तिला रामराम ठोकणाऱ्यांशी माझं पटत नाही. पीसीआर परजीवीचा डीएनए 'आहे' म्हणून सांगतं, कालव किती बेजार आहे ते या ठिपक्यांतून दिसतं.

पायरी ३: मूळ साठा कुठून आणायचा

साधं उत्तर: जिथे रोगाने खरोखर धुमाकूळ घातला, तिथली वाचलेली कालवं. मोठी आणि देखणी दिसतात म्हणून कुठलीही नव्हे.

डेलावेअरमध्येच याचा धडा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एवढा संहार झाला, तरी जंगली कालवांमध्ये म्हणावी तशी ताकद आली नाही. कारण उपसागराच्या वरच्या, कमी खाऱ्या भागात एमएसएक्स पोहोचत नव्हता. तिथली कालवं रोगाची झळ न लागता वाढत राहिली आणि त्यांचं बी खाली येऊन मिसळत राहिलं. १९८० च्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडला, खारं पाणी वर सरकलं, त्याबरोबर रोगही गेला आणि वरच्या कालवांचीही छाननी झाली. त्यानंतर मात्र तिथली जंगली कालवं एमएसएक्सला दाद देईनाशी झाली. म्हणजे एकाच उपसागरातली दोन ठिकाणची कालवं तुमच्या दृष्टीने सारखी नसतात. साठा उचलताना जागा, क्षारता आणि तिथला रोगाचा इतिहास वहीत लिहा.

आता संख्या. कालवाची एक चांगली मादी एका खेपेला कोटीच्या घरात अंडी देते. एका जोडीत अख्ख्या शेताचं बी होतं, आणि नवखा माणूस इथेच फसतो. नर आणि मादी यांची संख्या विषम असेल तर पैदाशीतली खरी, म्हणजे 'परिणामकारक' संख्या काढायचं सूत्र असं: नर गुणिले मादी गुणिले ४, भागिले नर अधिक मादी. समजा ५० माद्या घेतल्या आणि शुक्राणू भरपूर मिळतात म्हणून नर घेतले फक्त २. तर ४ × २ × ५० ÷ ५२, म्हणजे जेमतेम ७.७. एका पिढीत अंतःप्रजनन वाढतं ते १ भागिले या संख्येच्या दुप्पट, म्हणजे साधारण ६.५ टक्के. त्याच टाकीत २५ नर आणि २५ माद्या वापरल्या असत्या, तर परिणामकारक संख्या ५० आणि वाढ १ टक्का. प्राणी कमी, पण वाण जास्त निरोगी.

तीही कागदावरची संख्या. सगळ्यांचे शुक्राणू एका बादलीत ओतले की दोन-चार नरच बाजी मारतात. म्हणून प्रत्येक नराचे शुक्राणू वेगळ्या भांड्यात, अंड्यांचे वाटे करून, एकेकाला एकेक वाटा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. कालवांच्या जनुकसंचात घातक अप्रभावी जनुकांचा भरणा फार मोठा आहे, आणि जवळच्या नात्यातली पैदास त्यांना लगेच उघडं पाडते: अळ्या मरतात, वाढ खुंटते, आणि तुम्ही दोष देता रोगाला.

पायरी ४: घराणी तयार करा

निवडीचे दोन मार्ग आहेत. एक, सगळं बी एकत्र वाढवायचं आणि वाचलेल्यांतून पुढची पिढी काढायची. स्वस्त, सोपं, आणि पहिल्या काही पिढ्यांत फायदाही देणारं. अडचण एवढीच की वाचलेली सगळी सख्खी भावंडं आहेत की काय, ते कळत नाही. दोन, प्रत्येक जोडप्याचं घराणं वेगळं वाढवायचं. हा मार्ग महाग, पण आकडे यातूनच मिळतात. मी दुसरा सुचवेन, निदान ३० ते ४० घराण्यांनी सुरुवात करून.

कामाचा दिवस असा असतो. कालव बाहेरून पाहून नर की मादी ते सांगता येत नाही. शिवाय ते आयुष्यात लिंग बदलतं. पहिल्या वर्षी बहुतेक नर असतात, वय वाढतं तशा माद्या वाढतात. त्यामुळे जोड्या आदल्या दिवशी कागदावर ठरवता येत नाहीत, सकाळी शिंपले उघडल्यावरच ठरतात. शिंपला उघडायचा, पोटाजवळच्या साईच्या रंगाच्या भागाला पिपेटच्या टोकाने ओरखडा काढायचा, थेंब काचेवर घ्यायचा. अंडी असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली पेअरच्या फळाच्या आकाराचे दाणे दिसतात, समुद्राच्या पाण्यात थोड्या वेळाने ते गोल होतात. नर असेल तर नुसता धुरकट ढग दिसतो, आणि भिंग वाढवलं की त्या ढगात वळवळ.

खरी कसोटी स्वच्छतेची. नराला लावलेली सुरी तशीच मादीला लावली, तर हजारो अंडी तिथेच फळतात आणि तुमच्या वहीतला बाप वेगळा, पोरांचा बाप वेगळा होतो. प्रत्येक कालवानंतर सुरी, हातमोजे, टेबल गोड्या पाण्याने धुवा. गोड्या पाण्यात शुक्राणू मरतात. आधी सगळ्या माद्या उघडा, मग नर, तेही शक्यतो दुसऱ्या टेबलावर. प्रत्येक मादीच्या अंड्यांचा छोटा वाटा शुक्राणू न घालता बाजूला ठेवा. तासाभराने त्यात पेशींचं विभाजन सुरू झालेलं दिसलं, तर ती मादी बाद. एवढ्या साध्या तपासणीने पुढची दोन वर्षं वाचतात.

एका नराला दोन वेगवेगळ्या माद्या द्या, जमल्यास एका मादीला दोन नर. सावत्र भावंडं असली की बापाकडून काय आलं आणि आईच्या अंड्याच्या दर्जामुळे काय झालं, ते वेगळं काढता येतं. नुसती सख्खी भावंडं असतील तर ही गाठ सुटत नाही.

२४ तासांत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या अळ्या होतात. दोन ते तीन आठवड्यांत अळीला डोळ्यासारखा काळा ठिपका दिसू लागतो, तेव्हा तिला चिकटायला शिंपल्याचा बारीक चुरा द्यायचा, दाणा अळीच्याच आकाराचा. म्हणजे प्रत्येक कणावर एकच कालव बसतं आणि पुढे एकेक मोजता येतं. सगळ्या घराण्यांना एकच पाणी, एकच चारा, सारखी दाटी. चाळताना एका घराण्यातली फक्त मोठी ठेवायची आणि दुसऱ्यातली सगळी, असं करू नका. खाडीत जाण्याआधीच तुम्ही निवड केलेली असते, आणि ती तुमच्या हिशेबात नसते.

पायरी ५: खाडीत उतरवा आणि मेलेली मोजा

या पायरीला मी सर्वात जास्त वेळ द्यायला सांगेन.

प्रत्येक घराण्याच्या निदान तीन जाळीदार पिशव्या करा, प्रत्येकीत मोजून सारखी कालवं. पिशव्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. रांगेच्या टोकाच्या पिशवीला पाणी जास्त मिळतं, मधलीला कमी. एका घराण्याच्या तिन्ही पिशव्या शेजारी-शेजारी टांगल्या तर तुम्ही घराणं नव्हे, जागा मोजता. खुणेचा बिल्ला पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक, कारण बाहेरचा शेवाळ आणि वादळ यांच्या तडाख्यात जातो.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी पिशवी: रोगाला हमखास बळी पडणाऱ्या घराण्याची. निवड न केलेलं, कमजोर म्हणून ठाऊक असलेलं बी प्रत्येक जागेवर ठेवायचंच. ते मेलं नाही तर त्या वर्षी रोग आलाच नाही, आणि तुमच्या 'उत्तम' घराण्याच्या ९५ टक्के जगण्याला शून्य अर्थ आहे. पावसाचं वर्ष असेल, क्षारता खाली राहिली असेल, तर एमएसएक्स फिरकतही नाही. असं वर्ष आलं की आकडे निवडीसाठी वापरू नका, मग वरिष्ठ कितीही घाई करोत.

महिन्यातून एकदा, कडक उन्हाळ्यात दोनदा, पिशव्या रिकाम्या करून मोजायचं. तीन ढीग होतात. जिवंत. जोड शाबूत असलेले रिकामे शिंपले, ज्यांना तिथे 'बॉक्स' म्हणतात. आणि 'गेपर', म्हणजे तोंड वासून पडलेलं, आत अजून मांस असलेलं कालव, एक-दोन दिवसांपूर्वी मेलेलं किंवा मरणाच्या दारात असलेलं. रिकामा शिंपला किती जुना, ते आत बघून कळतं. आतला पृष्ठभाग चकचकीत असेल तर मरण ताजं. आत चिखल, बार्नेकल किंवा किड्यांच्या नळ्या बसल्या असतील तर जुनं, म्हणजे मागच्या फेरीत तुमच्या नजरेतून सुटलेलं. मोजून झालेले रिकामे शिंपले परत पिशवीत टाकायचे नाहीत, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच पुन्हा नव्याने मेलेले म्हणून मोजाल.

गेपर म्हणजे सोनं. तो बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्या. कालव कशाने मेलं याचा पुरावा देणारा तो एकटाच साक्षीदार आहे. रिकामा शिंपला फक्त मेलं एवढंच सांगतो, आणि कालव गाळात गुदमरून, खेकड्याच्या तावडीत सापडून, पिशवी उलटून, अशा शंभर कारणांनी मरू शकतं. आठ-दहा गेपर तपासून त्यात रोग सापडत नसेल, तर तुमची निवड कशासाठी चालली आहे हा प्रश्न स्वतःला विचारा.

सगळ्यात बोलकी मोजणी कुठली? सरासरी मरतूक ५० टक्क्यांच्या आसपास असतानाची. ५ टक्के मेली असताना सगळी घराणी चांगली दिसतात, ९५ टक्के मेल्यावर सगळी वाईट. म्हणून मधल्या फेऱ्या चुकवू नका.

पायरी ६: आकडेमोड

हेरिटॅबिलिटी हा शब्द सारखा कानावर पडेल. घराण्याघराण्यांत दिसणाऱ्या फरकापैकी पुढच्या पिढीला पोचणारा वाटा, ० ते १ मध्ये. समजा सर्व घराण्यांचं सरासरी जगणं ४० टक्के आहे, आणि तुम्ही निवडलेल्या घराण्यांचं ६० टक्के. फरक २०. हेरिटॅबिलिटी ०.३ असेल तर पुढच्या पिढीत वाढ २० × ०.३, म्हणजे ६. अपेक्षा ४६ टक्क्यांची, ६० ची नव्हे. नवा माणूस हमखास ६० धरून बसतो आणि मग हिरमुसतो. हे सूत्र ढोबळ आहे. प्रत्यक्षात वंशावळीसकट गणित करणारे प्रोग्राम वापरतात, आणि मेलं किंवा जगलं अशा दोनच उत्तरांसाठी ते वेगळी मोजपट्टी लावतात. म्हणून कुठल्याही निबंधातला हेरिटॅबिलिटीचा आकडा वाचताना तो कुठल्या मोजपट्टीवरचा, कुठल्या खाडीतला आणि किती मरतूक असतानाचा, ते आधी पाहा. एका जागेचा आकडा उचलून दुसऱ्या जागेला लावता येत नाही.

जागेचं महत्त्व चेसापीकमध्ये रोज दिसतं. व्हर्जिनिया इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्समध्ये १९९७ पासून कालव पैदाशीचं केंद्र आहे. तिथे वाणांची परीक्षा कमी क्षारतेच्या आणि जास्त क्षारतेच्या पाण्यात वेगवेगळी घेतात. एकीकडचा पहिला नंबर दुसरीकडे मागे पडू शकतो. एकच वाण सगळीकडे चालवण्याचा हट्ट धरायचा नाही.

पायरी ७: डीएनए चिप कधी घ्यायची

आधीच्या सहा पायऱ्या बसल्यावर. त्याआधी नाही.

पण तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते, आणि त्यामागचं कारण समजून घ्या. मूळ साठा वाचलेल्यांतून उचलला, तरी घराणी बसल्यावर खाडीत रोग भोगून वाचलेली कालवं स्वच्छ हॅचरीत परत आणणं सहसा टाळतात, कारण ती रोग बरोबर आणू शकतात. म्हणून पुढचे आईबाप निवडले जातात ते त्यांच्या सुरक्षित ठेवलेल्या भावंडांतून. वंशावळीच्या हिशेबात एका घराण्यातल्या सगळ्या भावंडांना एकच गुण मिळतात. त्यांच्यातलं नेमकं कुठलं चांगलं, ते सांगता येत नाही. चिप ते सांगते: खाडीत मेलेल्या आणि जगलेल्या भावंडांच्या डीएनएतल्या खुणा शिकून घेते आणि घरच्या भावंडांना एकेकटे गुण देते. व्हर्जिनिकासाठी आता ६६ हजार खुणा तपासणारी चिप तयार आहे.

एकच 'रोगाचं जनुक' शोधायला निघालात तर डर्मोच्या बाबतीत निराशा पदरी येईल. तिथे अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. पॅसिफिक कालव आणि हर्पिसव्हायरस यांची गोष्ट थोडी निराळी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या निवडक घराण्यांत आठव्या गुणसूत्रावरच्या एका भागाचा जगण्यावर मोठा परिणाम दिसला. कालवाची गुणसूत्रं दहा जोड्या, म्हणजे नकाशा तसा आटोपशीर. तरी सावध राहा. घातक जनुकांमुळे अळीच्या अवस्थेतच इतकी पोरं मरतात की मेंडेलची गुणोत्तरं बिघडलेली असतात. एखादी खूण जगलेल्यांत जास्त दिसली, ती रोगामुळे की अळीपणीच झालेल्या गळतीमुळे? उत्तर हवं असेल तर रोग न लागलेल्या भावंडांचे नमुनेही त्याच वेळी तपासा.

फ्रान्समधली एक नोंद इथेच करतो. हर्पिसच्या विषाणूसाठी निवडलेलं बी लहानपणी छान जगतं, पण मोठं झाल्यावर व्हिब्रिओ एस्चुअरिआनस या जिवाणूपासून ते सुरक्षित असेलच असं नाही. २०१२ पासून तिथे तो विक्रीला आलेली मोठी कालवं मारतो आहे. पायरी १ पुन्हा वाचा.

पायरी ८: शेतकऱ्याच्या पिशवीपर्यंत

व्हर्जिनियातला शेतकरी बहुतेक वेळा ट्रिप्लॉइड बी मागतो, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेलं. ते जवळपास वांझ असतं, उन्हाळ्यात अंडी-शुक्राणूंत ताकद घालवत नाही आणि लवकर विक्रीच्या आकाराला येतं. डर्मोचा जोर वाढायच्या आत माल बाजारात जातो, हाच त्याचा रोगाविरुद्धचा मोठा फायदा. ट्रिप्लॉइड म्हणजे आपोआप रोगप्रतिकारक असा समज मात्र खोटा आहे. वसंताच्या अखेरीस ट्रिप्लॉइडमध्ये होणाऱ्या मरतुकीचं खापर एमएसएक्स किंवा डर्मोवर फोडता आलेलं नाही.

ते बनतं चार संचांच्या नरापासून आणि दोन संचांच्या मादीपासून. म्हणजे पोराच्या तीनपैकी दोन संच बापाचे. तुम्ही वर्षानुवर्षं घाम गाळून मादीचा वाण सुधारला आणि चार संचांचा नर जुनाच राहिला, तर शेतकऱ्याला मिळणाऱ्या बियाण्यात तुमच्या कष्टाचा तिसराच हिस्सा असतो. चार संचांचे वाणही त्याच रोगाच्या कसोटीतून न्यावे लागतात.

कोकणात यातलं काय वापराल

सिंधुदुर्गात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या मदतीने बचत गट कालवं पाळतात, आणि रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, म्हणून हा प्रश्न येणारच. आपली कालवं वेगळ्या जातीची, भारतात पाळली जाते ती मुख्यतः क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस, आणि बी बहुतांशी खाडीतूनच धरलं जातं. त्यामुळे घराण्यांच्या पायरीवर उडी मारण्याची घाई नको. पण पर्किन्ससची एक जात, पर्किन्सस बेहायेन्सिस, भारतातल्या मद्रासेन्सिस कालवांत सापडल्याची नोंद २०१२ मध्ये झाली आहे. तेव्हा पायरी १ आणि ५ इथे आजच उपयोगाच्या आहेत.

आपल्याकडे मोठी मेख पावसाळ्याची. जून-जुलैत खाडीचं पाणी गोडं होतं आणि कालवं त्यानेच मरतात. ही मरतूक रोगाच्या खात्यात टाकली की सगळा हिशेब चुकतो. म्हणून क्षारता मोजायचं साधं रिफ्रॅक्टोमीटर घ्या, दर मोजणीला आकडा लिहा, आणि पावसाच्या आधीची, पावसातली आणि नंतरची मरतूक वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. पाऊस सुरू होण्याआधी, पाणी खारं आणि उबदार असताना सापडलेले गेपर आधी तपासा. थायोग्लायकोलेटची पद्धत साध्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमते. ती पर्किन्सस आहे एवढं सांगते, जात कुठली ते मात्र पीसीआरलाच विचारावं लागतं.

आणि बी किंवा मोठी कालवं एका खाडीतून दुसरीकडे हलवायची असतील, तर आधी मूळ खाडीतली तपासा. ६० कालवांत एकातही रोग सापडला नाही, तर तिथली लागण ५ टक्क्यांपेक्षा कमी असल्याचा ९५ टक्के भरवसा धरता येतो, अर्थात चाचणी स्वतः चुकत नसेल तर. ३० च तपासलीत तर हा भरवसा १० टक्क्यांच्या लागणीपुरताच राहतो. नमुने खाडीच्या एकाच कोपऱ्यातून न घेता वरच्या आणि तोंडाजवळच्या, अशा दोन्ही भागांतून घ्या.